पैलवानाची टाच

भैरू चढणीवर थांबला. एकदा नाही, दोनदा. त्यात काय मोठंसं, असं कुणीही म्हणेल. पण शकूच्या मनातून ते थांबणं काही केल्या जाईना.

पाडव्यानंतरचा रविवार होता. कात्रजला माहेरी गेलं की टेकडीवरच्या देवळात नैवेद्य घेऊन जायचं, हा तिचा जुना नेम. सकाळचे साडेसहा वाजले होते, वारा चांगला गार होता. भैरू, तिचा थोरला भाऊ, नेहमीसारखा चार पावलं पुढे. नैवेद्याचं ताट एका हातावर तोलून तो नव्या सोसायटीच्या टँकरवाल्याला शिव्या घालत चालला होता. एक शिवी त्यानं अर्ध्यातच सोडली. ताट तिच्या हातात दिलं, खाली वाकला, उजवी चप्पल काढून झटकली. मग उगाच इकडेतिकडे बघत जरा वेळ उभा राहिला आणि पुन्हा चालायला लागला. वीसेक पावलांवर परत थांबला. आता डावी चप्पल.

"काय झालं रे दादा?"

"खडा गं."

"दोन्ही चपलांत?"

"मग? खड्यांना काय एकच चप्पल आवडती व्हय?"

शकू हसली. तेव्हा हसली, आणि तेच आता तिला बोचत होतं. कारण चपलेतून खडा पडलाच नव्हता. ना उजव्या, ना डाव्या. आणि भैरूच्या कपाळावर, त्या गार वाऱ्यात, घामाचे थेंब उभे होते.

कर्वेनगरला घरी आल्यावर ती कामाला लागली. शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिताना, भाजी निवडताना, बसच्या रांगेत, तिला तो वाकलेला भाऊ दिसत राहायचा. दोनदा तिनं दाखल्यावर चुकीची जन्मतारीख घातली. हेडबाई म्हणाल्या, "शकुंतलाबाई, मुलांना परत जन्माला घालू नका, आहेत तेवढी पुरे आहेत." एरवी ती हसली असती.

भैरू म्हणजे कोण, तर जगाच्या दृष्टीनं कुणीच नाही. कात्रज गाव महापालिकेत गेलं, जमिनीचा मोठा तुकडा रस्त्यात गेला, उरलेल्यावर आठ म्हशी आणि पत्र्याची शेड. पहाटे धार काढून धनकवडीपर्यंत दुधाचा रतीब घालायचा आणि संध्याकाळी गावच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवायची. मूलबाळ नाही. बायको मैना, म्हशी, तालमीतली पोरं आणि भाची सुनीती एवढाच त्याचा संसार. वर्तमानपत्रात एकदाच नाव आलं होतं, तेही चुकीचं छापून. पण कात्रजच्या चौकात "पैलवान" म्हटलं की लोक त्याच्याच घराकडे बोट दाखवायचे.

या घराण्याची एक खूण होती. टाचेच्या वर जी जाड शीर असते, ती या घरातल्या पुरुषांची अंगठ्याएवढी जाड आणि गाठाळ असायची. भैरूच्या वडिलांची, दत्तोबांची, तशी होती. आजोबांचीही होती म्हणतात. एक्क्याऐंशी साली नऊ वर्षांच्या भैरूला घेऊन दत्तोबा शहरातल्या दादामियाँ वस्तादांच्या तालमीत गेले, तेव्हाची गोष्ट घरात शंभरदा सांगून झाली होती. वस्तादांनी पोराकडे बघितलंच नाही. बापाला म्हणाले, "विजार वर घे." दत्तोबांची टाच दोन बोटांत धरून दाबली आणि म्हणाले, "ही घोड्याची टाच आहे. बापाची आहे, तर पोरात उतरणारच. ठेवून जा."

पोरात ती उतरली. भैरू एकोणीस वर्षांचा असताना त्याच्या टाचेवर गाठ जाणवायला लागली, त्या दिवशी तालमीत थंडाई वाटली होती. पुढे हाताच्या बोटांच्या पेरांवरही बारीक गाठी आल्या. "पकड पक्की होणार," वस्ताद म्हणाले, आणि झालीही असेल. भैरू स्वतः वस्ताद झाल्यावर नवीन पोर आलं की आधी त्याची टाच चाचपायचा. चांगली चाळीस-पन्नास पोरं त्यानं अशी चाचपली. घोड्याची टाच एकाचीही निघाली नाही. "आता माणसंच तशी जन्माला येत नाहीत," असं म्हणून तो ती गोष्ट तिथंच मिटवायचा.

दत्तोबा गेले एकोणनव्वद साली. दुधाचा कॅन सायकलला लावता लावता खाली बसले, ते बसलेच. वय त्रेचाळीस. शकू तेव्हा पंधराची. मयतीला आलेल्या दादामियाँ वस्तादांनी भैरूच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं, "कुस्ती सोडली आणि खुराक नाही सोडला. घाम थांबला की रक्त घट्ट होतं. तू कधी थांबू नकोस." सतरा वर्षांच्या पोरानं ते मनावर कोरून घेतलं. लग्न झालं, जमीन गेली, गुडघा दोनदा निखळला. भैरू एक दिवस थांबला नाही. रोज पाचशे जोर, हजार बैठका. तूप वाटीनं आणि घाम घागरीनं, असा त्याचा हिशेब होता.

मग गेल्या दिवाळीनंतर सुनीतीनं रक्ततपासणीचे फॉर्म आणले.

सुनीती म्हणजे शकूची मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. जीभ अशी तिखट की आई बऱ्याचदा गप्प बसणंच पसंत करी. तिच्या कॉलेजात एक सर रक्तातल्या चरबीवर संशोधन करत होते. माणसाच्या रक्तात चरबीचे शेकडो प्रकारचे रेणू फिरत असतात. त्यातले कुठले आईबापांकडून ठरून येतात आणि कुठले खाण्यापिण्यानं, राहणीनं बदलतात, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी अशी घरं हवी होती की रक्त एक, पण चुली दोन.

"आपलं घर परफेक्ट सॅम्पल आहे," सुनीती म्हणाली. "तू फ्लॅटमध्ये बसून पिशवीचं दूध पितेस, मामा गोठ्यात बसून वाटीनं तूप पितो. एकाच बापाची लेकरं."

"मामा रक्त देईल का पण?"

मामा एका पायावर तयार झाला. "घेऊ द्या की रक्त. सायबालाबी कळू दे, पैलवानाचं रक्त कसं असतं. कधी यायचं?"

"अजून तीन आठवडे आहेत मामा. रात्री जेवायचं आणि सकाळी काही न खाता यायचं, बास."

"तीन आठवडे," भैरू म्हणाला. "भरपूर झाले."

कशाला भरपूर, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. ते कळलं कॉलेजच्या दारात, रक्त द्यायच्या दिवशी. रिक्षातून भैरू उतरला आणि शकूला वाटलं, हा कोण दुसराच माणूस. गाल आत गेलेले, सदऱ्याची गळपट्टी लोंबणारी, डोळे मात्र लखलखीत.

"दादा, आजारी होतास का?"

"सात किलो," भैरू अभिमानानं म्हणाला.

मागून उतरलेल्या मैनावहिनीनं कपाळावर हात मारला. "वजन तोडलंय वन्सं. तीन आठवडे झाले. तूप बंद, दूध बंद, अंडं बंद, मीठसुद्धा बंद. उकडलेले मूग आणि काकडी. दुपारच्या उन्हात घोंगडं पांघरून जुन्या घाटात पळत होते. मी म्हटलं अवो, कुठं कुस्ती हाय? तर म्हणतात, रक्ताच्या काट्यावर उभं राहायचंय."

कुस्तीत हे सगळेच करतात. गट वजनावर ठरतो, म्हणून फडाच्या आधी अन्नपाणी तोडून, घाम काढून पैलवान काट्यावर हलका होऊन उभा राहतो आणि वजन झालं की पोटभर खातो. भैरूनं हेच डोकं लावलं होतं. तपासणी आहे म्हणजे काटा आहे, आणि काट्यावर कसं उभं राहायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"मामा, हे चीटिंग आहे," सुनीती म्हणाली. "त्यांना तुझं रोजचं रक्त हवंय. सणाचे कपडे घातलेलं नकोय."

"गप गं. मामाला शिकवती." आणि आत जाऊन, 'गेल्या महिन्यात आहारात काही बदल केला का' या प्रश्नापुढं त्यानं ठसठशीत 'नाही' लिहिलं. मैनावहिनीच्या नाकातून जो आवाज निघाला, तो बाहेर शकूलाही ऐकू आला.

महिन्याभरानं सरांनी चौघांना बोलावलं. शकूच्या यजमानांनाही, कारण त्यांचं आणि मैनावहिनीचंही रक्त घेतलं होतं. टेबलावर पाच कागद. सर तरुण होते, बोलायला साधे. आधी त्यांनी भैरूचा कागद उचलला आणि विचारलं, "पैलवान, खरं सांगा. खाणं बदललं होतंत ना?"

भैरू छताकडे बघायला लागला. सुनीती म्हणाली, "सर, सात किलो."

"मला वाटलंच." सर हसले. "हे बघा. हे रेणू जेवणाबरोबर येतात आणि जेवण थांबलं की जातात. पाहुण्यासारखे. तुमच्या रक्तात एक पाहुणा शिल्लक नाही. हा आकडा चोपन्न. इतका सुंदर आकडा मी या वर्षी पाहिलेला नाही. उलट हे बघा, यांचे दोनशे चाळीस." ते शकूच्या यजमानांकडे वळले. "संध्याकाळची भजी?"

"कधीतरी," यजमान म्हणाले.

"रोज," सुनीती म्हणाली.

भैरूनं मान ताठ केली. मेहुण्याकडे बघून मिशीवर बोट फिरवलं. पण सरांचं बोट कागदावर आणखी खाली उतरलं होतं.

"हे मात्र वेगळं आहे. हे वाईट कोलेस्टेरॉल. एवढं वजन तोडूनही दोनशे शहाण्णव. निम्म्याहून कमी असायला हवं होतं. तुमच्या बहिणीचं दोनशे एकतीस, भाचीचं दोनशे अठरा. आणि मैनाताई, तुमचं एकशे चार."

"माझं?" मैनावहिनी घाबरली. "म्हणजे काय झालं मला?"

"काहीच नाही. उत्तम आहे."

"अवो पण मी ह्यांच्याच ताटातलं खाते! तेच तूप, तेच दूध."

"म्हणून तर," सर म्हणाले. त्यांनी मग एका कोऱ्या कागदावर यकृताचं चित्र काढलं आणि सांगितलं की ही चरबी रक्तातून आत घ्यायला यकृताला बारीक दारं असतात. काही घराण्यांत जन्मतःच त्यातली निम्मी दारं बंद असतात. चरबी बाहेरच फिरत राहते, मिळेल तिथं साठते, लहानपणापासून. खाणं सुधारलं तर थोडा फरक पडतो. पण बंद दार उपवासानं उघडत नाही. त्याला गोळ्या आहेत, चांगल्या आहेत, आयुष्यभर घ्याव्या लागतात. ज्याला हे आहे त्याच्या प्रत्येक मुलाला ते येण्याची शक्यता निम्मी.

निम्मी. शकूनं सुनीतीकडे बघितलं. सुनीती कागद वाचत होती. शांतपणे म्हणाली, "थँक्स आई. निदान तुझी उंची तरी द्यायची होतीस."

शकूला हसू आलं आणि लगेच रडू. मुलीच्या हातात आपण काय ठेवलं, आणि ठेवताना आपल्याला ठाऊकही नव्हतं. गॅलरीत जाऊन तिनं डोळे पुसले.

त्या दोघींच्या गोळ्या त्याच आठवड्यात सुरू झाल्या. भैरूला शकू जवळजवळ ओढतच हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी नाडी बघितली, कागद बघितले आणि मग, अगदी वस्तादांनी केलं तसंच, विजार वर करायला सांगून दोन बोटांत टाच धरली.

"हे कधीपासून आहे?"

भैरूची कळी खुलली. त्यानं घोड्याच्या टाचेची गोष्ट सांगायला घेतली. बाप, आजा, वस्ताद, थंडाई, बोटांची पेरं, सगळं. बाहेर रांग होती, तरी बाईंनी मधे तोडलं नाही. शेवटी इतकंच म्हणाल्या, "पैलवान, ही चरबी आहे. रक्तात मावली नाही, ती शिरेत साठली. इथं साठते तशीच हृदयाच्या नळ्यांतही साठते. वडील किती वर्षांचे होते गेले तेव्हा?"

"त्रेचाळीस."

"आजोबा?"

"असतील शेहेचाळीस."

"आणि तुम्ही?"

"पंचेचाळीसावं चालू हाय."

बाई लिहायला लागल्या. गोळ्या, पट्ट्यावर चालून करायची तपासणी, कदाचित नळी घालून बघावं लागेल. आणि तोपर्यंत जोर, बैठका, कुस्ती, घाट, सगळं बंद.

दवाखान्याबाहेर रसवंतीच्या बाकावर भैरू बसला. पुढ्यातला ग्लास तसाच. मग म्हणाला, "शके, ह्यातलं एक अक्षर वस्तादाच्या कानावर जाता कामा नये."

"का?"

"का काय? त्या माणसानं माझ्या बापाची टाच बघून मला घेतलं. पोटच्या पोरासारखं वाढवलं. आता ब्याऐंशी वर्षांचा हाय तो. त्याला जाऊन सांगू, वस्ताद, तुम्ही ज्याला घोडा म्हणलात तो आजार हाय? तुम्ही पळ म्हणलात आणि पळायलाच नको व्हतं? शपथ घे माझी. सांगितलंस तर तुझ्या दाराला पाय लावणार नाय."

"आणि तू तपासणी करशील? गोळ्या घेशील?"

"करीन."

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. त्याच्या पेरांवरच्या गाठी तळव्याला लागल्या. लहानपणी याच हाताला धरून ती शाळेत जायची.

फेब्रुवारीत भैरूचा फोन आला. तपासणी झाली, सगळं नॉर्मल. शकूनं देवापुढं साखर ठेवली. सुनीतीनं विचारलं, "रिपोर्ट पाठव म्हणावं," तर मामा म्हणाला, कपाटात आहे, बघू. मग दूध, म्हशी, वार्षिक परीक्षा, आणि ते 'बघू' तसंच राहिलं. पाडवा आला. चढण आली. खडा आला.

आणि आता जत्रा चार दिवसांवर होती. कात्रजच्या जत्रेचा फड म्हणजे गावचा मान. शेवटची कुस्ती यंदा भैरूची, सांगलीकडच्या एका बावीस वर्षांच्या पोराबरोबर. नुसती दाखवायची कुस्ती, चितपट नाही, असं जत्रा कमिटी म्हणत होती. पण चौकात लागलेल्या फलकावर भैरूचा लांग बांधलेला, मिशा पिळलेला फोटो होता. हलगी वाजायला लागल्यावर भैरू दाखवायची कुस्ती खेळेल, हे ज्याला खरं वाटत असेल त्यानं भैरूला कधी पाहिलंच नव्हतं.

बुधवारी दुपारी शकू शाळेतून लवकर आली होती. मैनावहिनीचा फोन आला. वहिनी सहसा फोन करत नसे. केला तर आधी म्हशींची खुशाली सांगे. आज थेट म्हणाली, "वन्सं, दवाखान्यातून पोरीचा फोन आलता माझ्या मोबाईलवर. म्हणते, पेशंट फेब्रुवारीत आलेच नाहीत, तारीख परत द्यायची का? म्हटलं, अवो, आले की. तर म्हणते, नाय आले."

शकू स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

"मग मी तालमीत गेले. बायकांनी जायचं नसतं तिथं, पर दुपारी कोण नव्हतं. मारुतीच्या मागं हात घातला. सगळ्या गोळ्या तिथं. एकबी फोडलेली नाय. शेंदूर लागलाय वरनं. देवाला वाह्यल्यात त्यांनी."

"त्याला विचारलंस?"

"इचारलं. म्हणले, देव बघून घेईल, त्यालाबी छाती फाडायचा सराव हाय." वहिनी हसायला गेली, पण ते तिला जमलं नाही. "रात्री बसून राहत्यात वन्सं. छाती चोळत्यात. म्हणत्यात गॅस हाय. आणि सकाळी परत घाटात. तुमच्या सरांनी सांगितल्यापासनं जास्तीच पळायला लागलेत. म्हणत्यात, दोनशे शहाण्णव कसं उतरत नाय ते बघतोच."

म्हणजे तेच. काटा उतरला नाही, तर आणखी घाम काढायचा. शकूच्या डोळ्यांपुढं ते यकृताचं चित्र आलं आणि त्या बंद दारावर धडका देणारा तिचा भाऊ.

"तू सांग त्याला, वहिनी. पाया पड."

"पडले. उठवून बाजूला ठेवलं. तुमचं ऐकणार नायत, माझं नाय, कमिटीचं नाय. आमचं लगीन झालं त्या वर्षी कान फुटलावता त्यांचा. डॉक्टर, सासूबाई, सगळे सांगून दमले. वस्ताद दारात येऊन एवढंच म्हणले, ह्या मोसमात मातीत पाय ठेवायचा नाय. का, म्हणून सुदिक इचारलं नाय ह्यांनी. सहा महिने घरीच जोर काढले आणि कडेला बसून दुसऱ्यांच्या कुस्त्या बघितल्या. मी काय म्हणतेय ते तुमाला कळलंय वन्सं. माझी तर नाय टाप, त्या दारात जायची. तुम्ही दत्तोबांच्या लेक."

फोन ठेवल्यावर शकू उठली, बसली. गॅस पेटवला आणि चहाचं भांडं न ठेवताच बंद केला. सोफ्यावर वाचत बसलेल्या सुनीतीनं पुस्तकावरून बघितलं.

"मामा गेलाच नव्हता ना?"

"तुला कसं कळलं?"

"रिपोर्ट कपाटात ठेवणारा माणूस तो आहे का? नॉर्मल आला असता तर चौकातल्या फलकावर छापला असता."

शकूनं तिला शपथेचं सांगितलं. वस्तादांचंही. सांगता सांगता तिचं तिलाच कळत गेलं की भैरूच्या रागाला ती इतकी भीत नव्हती. तो चार महिने बोलणार नाही, वर्षभर बोलणार नाही. भाऊबीजेला ताट वाढून ती वाट बघेल आणि तो येणार नाही. हे सगळं ती सोसेल. भीती होती ती त्या म्हाताऱ्याला काय सांगायचं याची. भर मयतीत बोललेलं वाक्य त्यांनी सत्तावीस वर्षं खरं मानलं होतं. बाबा कुस्ती सोडल्यामुळे गेले नव्हते. रोज हजार बैठका काढल्या असत्या तरी कदाचित गेलेच असते. आणि ज्या पोराला त्यांनी "थांबू नकोस" म्हणून सांगितलं, त्याला आता त्यांनीच थांबवायचं. एवढं ओझं ब्याऐंशीव्या वर्षी कुणाच्या डोक्यावर ठेवायचं का?

"तुझे आजोबा वारले तेव्हा हे कुणी सांगणारंच नव्हतं," ती म्हणाली. "वस्तादांना तरी काय माहीत असणार? जीव लावून सांगितलं त्यांनी."

"मग आता माहीत झालंय, तर जीव लावून परत सांगतील." सुनीतीनं पुस्तक मिटलं. आवाजातला तिखटपणा गेला होता. "आई, ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. मामा चव्वेचाळीस. तू कुणाचं मन सांभाळतेयस?"

शकू गॅलरीत गेली. खाली भंगारवाला ओरडत चालला होता, समोरच्या कॉलेजातून पोरी घोळक्यानं बाहेर पडत होत्या. आज बुधवार. शनिवारी पैलवान गावात मुक्कामाला येतील. रविवारी चार वाजता हलगी. वस्तादांना यायला, बोलायला, भैरूला समोर बसवायला एक दिवस तरी हवा. म्हणजे उद्या. म्हणजे सांगायचं तर आजच, आणि आज म्हणजे आताच. कारण संध्याकाळी यजमान येतील, ते म्हणतील, सबुरीनं घे, आणि ती सबुरीनं घेईल. स्वतःला ती ओळखून होती.

तिला भैरूचा चेहरा आठवून बघायचा होता, रागावलेला. पण डोळ्यांपुढं येत होता तो वाकून चप्पल झटकणारा, आणि मग उगाचच आभाळाकडे बघत उभा राहिलेला. श्वास परत यायची वाट बघत, बहिणीला कळू नये म्हणून.

आत येऊन तिनं जुनी वही काढली. दादामियाँ वस्तादांच्या सुनेचा, रझियाभाभींचा नंबर होता; ईदला एक फोन व्हायचा, तेवढाच. दुपारची नमाज झाली असेल. वस्ताद जेवून पडले असतील, की खिडकीपाशी बसले असतील? पहिलं वाक्य काय बोलायचं, हे तिनं दोनदा मनात जुळवलं आणि दोनदा मोडलं. तालमीचं बोलायचं नाही, टाचेचंही आधी नाही. आधी म्हणायचं, वस्ताद, भैरूचा जीव धोक्यात आहे आणि तो फक्त तुमचं ऐकतो. बाकीचं ते विचारतील तसं. खोटं मात्र एक अक्षर नाही, बाबांबद्दलसुद्धा नाही.

"मी बसू का शेजारी?" सुनीतीनं विचारलं.

"बस. आणि मधे बोलू नकोस."

तिनं नंबर लावला. पलीकडे घंटी चार वेळा वाजली, मग कुणीतरी उचलला.

"रझियाभाभी? मी कात्रजची शकू बोलतेय, दत्तोबांची. वस्ताद जागे आहेत का? झोपले असतील तर उठवा. हो, आत्ताच. वाईट वाटून घेऊ नका भाभी, पण उठवाच."